पुस्तकांनी पदर घेतला त्या दिवशी

मी खाकरलो आणि आतली खुर्ची सरकली.

आवाज अगदी लहान होता, फरशीवर लोखंडी पाय घासल्याचा, पण मला तो पोटात ऐकू आला. हातात घडी केलेलं वर्तमानपत्र, पायात स्लिपर, तोंडात विरघळत आलेली खडीसाखर, आणि समोर माझ्याच खोलीचं बंद दार. दारापलीकडे माझी सून चेतना, तिच्यासमोर कंप्युटर, कंप्युटरच्या माथ्यावर मिरीएवढा कॅमेरा, आणि त्या कॅमेऱ्यामागे दिल्लीत की हैदराबादेत, कुठेतरी बसून तिच्यावर नजर ठेवणारं कोणीतरी. बारा वाजून चार मिनिटं झाली होती. पेपर साडेबाराला संपायचा होता. खुर्चीपाठोपाठ ‘टण’ असा आवाज झाला. सकाळपासूनचा तिसरा टण. हे तीन टण काय असतात ते तिनं माझ्या बायकोला सांगितलं होतं, आणि बायकोनं मला, कारण आमच्या घरात सून सासऱ्याशी अशीच बोलते. पहिल्या टणला ताकीद, दुसऱ्या टणला ताकीद, तिसऱ्याला पेपर आहे तिथे गोठतो आणि पलीकडचा माणूस ठरवतो की चालू ठेवायचा की बंद करायचा. मी हललो नाही. हललो असतो तर स्लिपर वाजली असती, आणि तिचा चौथा टण झाला असता असं मला वाटलं. चौथा टण नसतोच, हे मला नंतर आठवलं.

खाकरणं म्हणजे खोकला नव्हे. नंदुरबारात खोकल्याची कमी नाही. माघात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते, मैलभर लाल, आणि वारा फिरला की अख्खं गाव ठसकतं. मास्तर फळ्याशी ठसकतो, नवरदेव मांडवात ठसकतो, कोणी कोणाकडे वळूनही पाहत नाही. त्या ठसक्याची मला सकाळपासून धास्ती होती, म्हणून तर खडीसाखर. ठसका मी दोन तास अडवून धरला आणि जे अडवायचं मनातही आलं नाही ते निसटलं. खाकरणं वेगळं. सून ज्या खोलीत असेल त्या खोलीच्या दाराशी सासऱ्यानं खाकरायचं, म्हणजे ती पदर सावरते, डोक्यावर घेते, बसली असेल तर उठते, मग सासऱ्यानं आत पाऊल टाकायचं. माझे वडील खाकरले की गोठ्यातले बैलसुद्धा कान टवकारायचे. मला तसं येत नव्हतं. माझ्या मुलाचं, धर्मेंद्रचं, लग्न झालं त्या आठवड्यात शोभाबाई, म्हणजे माझी बायको, मला म्हणाली, “आते खाकरीसन या बरं घरमा. मांजरना मायक येतस आनि पोरगी दचकस.” मांजरासारखं गुपचूप येणं बंद करायचं होतं. मी चार दिवस न्हाणीघरात नळ सोडून सराव केला. पहिल्यांदा जमलं तेव्हा ते खाकरणं नव्हतंच, घशात माशी गेल्यासारखं काहीतरी होतं, पण आतून बांगड्या वाजल्या, पदर सावरल्याचा आवाज आला, आणि मला विलक्षण लाज वाटली. आपल्या एका आवाजानं कोणीतरी उठून उभं राहावं असं माझ्या आयुष्यात पूर्वी घडलं नव्हतं. मी ग्रंथपाल होतो, पण वाचनालयात माझ्या घंटेनंही कोणी उठत नसे. त्याला आता अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मी खाकरतो आणि चेतना पदर घेते, आणि त्यात कोणाचंच काही चुकत नाही.

चुकलं ते त्या दिवशी. आणि तेही किती साध्या रीतीनं. निवृत्त झाल्यापासून मी अकरा ते बारा वर्तमानपत्र वाचतो, बारा वाजता घडी करतो, आणि माझ्या खोलीत खिडकीखालच्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवतो. त्या दिवशी तर मी राखणीला बसलो होतो. बोळकांडीत, दारापासून सात पावलांवर, खुर्ची टाकून. आवाज होऊ द्यायचा नाही एवढंच माझं काम. दारावरच्या बेलची वायर मी रात्रीच काढली होती, फोन पिठाच्या डब्यात पुरला होता, पापडवालीला फाटकातूनच हात जोडले होते. शेजारचे रतिलालभाई आले तेव्हा मात्र माझी त्रेधा उडाली. त्यांचा आवाज स्टेशनपर्यंत जातो. ते फाटकातूनच ओरडले, “काय भिकनभाऊ, दारमा कसाले बठेल शेतस? घरमा बाळंतीण शे का?” मी ओठांवर बोट ठेवलं, उठून त्यांच्याजवळ गेलो आणि कुजबुजलो, “सूनबाईनी परीक्षा शे. कंप्युटरवर.” “मंग तुमले कसाले घाम उना?” ते म्हणाले, आणि कुजबुजायला जमत नसल्यामुळे हसू आवरून, चपला हातात घेऊन, चोरासारखे आपल्या घरी गेले. इतकं सगळं मी निभावलं. लाजाळू माणसाला एका सकाळी जितकं जमावं त्याहून जास्तच. आणि मग बारा वाजले, हातांनी घडी घातली, पायांनी सात पावलं टाकली, आणि घशानं आपलं काम केलं. मी कुठे होतो त्या वेळी, कोण जाणे.

परीक्षा माझ्या खोलीत ठेवावी हेही माझंच सुचवणं. नेटची रेघ तिथेच पूर्ण येते. दोन वर्षांपासून ती या अभ्यासाला लागली होती. वैद्यकीय कोडिंग म्हणतात. अमेरिकेतल्या कुठल्याशा दवाखान्यात माणूस गेला की त्याला काय झालं ते इथे कोणीतरी नंबरांत उतरवायचं. तापाला नंबर, हाड मोडण्याला नंबर, शिडीवरून पडण्याला वेगळा, झाडावरून पडण्याला वेगळा. ती कणीक मळताना नंबर पाठ करायची आणि मी भिंतीपलीकडे बसून ऐकायचो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण ते नंबर ऐकताना मला इतका आनंद व्हायचा की हातातलं पुस्तक मी उघडं तसंच ठेवून द्यायचो. चौतीस वर्षं मी वाचनालयात पुस्तकांना नंबर दिले. आकाशाचं पुस्तक कोणत्या आकड्याखाली, शेतीचं कोणत्या, आणि शेतकऱ्याच्या स्वप्नांचं कोणत्या, यावर मी झोप घालवली होती. आणि आता माझ्या घरात, चुलीशी, कोणीतरी माणसाच्या दुखण्यांची कपाटं लावत होतं. एकदा दुपारी ती झोपली असताना मी तिचं जाडजूड पुस्तक चाळलं. कोंबडीनं टोचण्यालाही नंबर आहे. मी एकटाच हसलो. मग एका चिठ्ठीवर मराठीत लिहिलं, ‘बदक चावल्यास कोंबडीच्या शेजारी पाहावे’, आणि चिठ्ठी पुस्तकात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात होती, खाली हळदीच्या अंगठ्याचा ठसा. त्या कोनाड्यातून आमचं बोलणं चालतं. मला आवडलेलं पुस्तक मी तिथे ठेवतो, ती वाचते, परत ठेवते; कुठे थांबली, कुठे पुन्हा वाचलं, ते मला हळदीच्या डागांवरून कळतं. तोंडानं मात्र आम्ही अकरा वर्षांत दहा वाक्यंही बोललो नसू.

पहिल्यांदा ती डिसेंबरात बसली होती, सुरतेला, धर्मेंद्र नोकरीला आहे तिथल्या त्याच्या खोलीवर. खोलीतला त्याचा जोडीदार टॉवेलवर कंगवा न्यायला आत आला आणि पेपर बंद पडला. वर्षातून दोनदाच बसता येतं. पुण्याच्या कंपनीनं तिची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. घरबसल्या काम, आपल्या नावाचं. म्हणजे तो दिवस शेवटचा. धर्मेंद्र फोनवर म्हणाला, “आबा, नियम लई कडक शेतस. खोलीमा छापेल कागद दिसाले नको.” आणि मी माझ्या खोलीकडे पाहिलं. तीन भिंती, जमिनीपासून छतापर्यंत, दोन हजार सातशेच्या वर पुस्तकं. त्या खोलीत छापील कागद दिसू नये म्हणजे खोलीच दिसू नये. मी म्हणालो, मी सगळी ओसरीत नेऊन रचतो. शोभाबाई म्हणाली, “आनि कंबर मोडनी म्हंजे? तेले बी नंबर शे का?” मग तिनं पेटी उघडली. तिची लग्नातली हिरवी साडी, माझ्या आईची दोन लुगडी, निळी, पिवळी, एक अंजिरी, जिचा रंग मला आठवत होता पण प्रसंग आठवत नव्हता. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी स्टुलावर चढून, चुका मारून, पुस्तकांवर साड्या सोडल्या. एकेक कपाट झाकलं जाताना मला वाटत होतं की ही पुस्तकं आत श्वास रोखून बसली आहेत. शेवटची साडी लावून शोभाबाई खाली उतरली, कमरेवर हात ठेवून तिन्ही भिंती पाहिल्या, आणि खळखळून हसली. “दखा आते! सकायले सूननं डोकं उघडं राही आनि तुमन्या पुस्तकेसनी पदर लिधा!” कारण तोही नियमच होता. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, दोन्ही कान दिसले पाहिजेत, डोक्यावर काही नको. दाराआडून चेतनाही हसली. मी ते हसणं ऐकलं आणि खिळे मोजत असल्याचं दाखवलं.

पहिला टण पावणेअकराला झाला होता. तो तिच्या ओठांचा असणार; ती ओठ हलवत वाचते, मला माहीत आहे. मीही तसाच वाचतो. दुसरा साडेअकराला. तो मात्र माझ्या पुस्तकांचा. वरच्या फळीवरची अंजिरी साडी पंख्यानं घसरली असणार आणि तिनं मान वर केली असणार, कारण लगेच काहीतरी मऊ पडल्याचा आवाज आला. तेव्हापासून मी खुर्चीत बसून एकेका पुस्तकाची माफी मागत होतो की पुस्तकांना माफी मागायला लावत होतो, मला सांगता येणार नाही. धुळ्याला मी स्वतः ग्रंथपालाच्या परीक्षेला बसलो होतो, तरुणपणी. पर्यवेक्षक माझ्या मागे येऊन उभा राहिला. नुसता उभा. मी जे लिहीत होतो ते अक्षर अर्ध्यावर थांबलं आणि तो जाईपर्यंत पुढे सरकलं नाही, आणि तो गेलाच नाही. नापास झालो. पुढच्या वर्षीचा पर्यवेक्षक देवमाणूस होता, जेवून आला आणि झोपला. म्हणजे मला कोणी पाहत असलं की मी मी राहत नाही. आणि या पोरीला दोन तास एक न मिटणारा डोळा पाहत होता, आणि ती लिहीत होती. अकरा वर्षं आमच्यासमोर पदर घेऊन वावरलेली पोर. तिला हे कसं जमतं, असा विचार मी करत होतो. आणि नंतर वर्तमानपत्राची घडी केली.

आतून आवाज आला. बाईचा होता, तरुण, कंप्युटरच्या डबीतून येणारा. “चेतनाजी, आप फ्रेम से बाहर क्यों गईं?”

“गलती से उठ गई, मॅडम.” चेतनाचा आवाज कोरडा होता.

“और सिर ढक लिया. कान नहीं दिख रहे. कमरे में कौन है?”

“कमरे में कोई नहीं. बाहर मेरे ससुरजी हैं. वो... खाँसे.”

“हाँ, रेकॉर्डिंग में है.” मग ती बाई म्हणाली, अगदी सावकाश, “चेतनाजी, सच बताइए. वो खाँसी कोई इशारा थी?”

माझ्या तोंडातली खडीसाखर संपली. मी मनात ओरडलो, नाही म्हण. ठसका होता म्हण, मिरची म्हण, म्हातारा आजारी आहे म्हण, मी आजारी पडायला तयार आहे. आणि माझी सून, जी कधी कोणाशी खोटं बोललेली मी पाहिली नाही, ती म्हणाली, “हाँ मॅडम. इशारा थी.”

मी भिंतीला हात टेकला.

“किस बात का?”

“कि मैं सिर पे पल्लू ले लूँ.”

सुरतेकडची गाडी स्टेशनात शिरत होती, तिचा भोंगा लांबून आला आणि विरला. मला वाटलं, पेपर बंद झाला, कंपनी गेली, वर्ष गेलं. आणि हे सगळं एका आवाजानं, जो मी न्हाणीघरात नळ सोडून शिकलो होतो. मग डबीतून एक चमत्कारिक आवाज आला. आधी मला ते यंत्रातलं खरखरणं वाटलं. ती बाई हसत होती. तोंडावर हात धरून, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून, जसं वर्गात हसतात तसं.

“दरवाज़ा खोलिए,” ती म्हणाली. “कॅमेरा उधर घुमाइए. मुझे देखना पड़ेगा.”

कडी सरकली. दार उघडलं. आणि चेतना माझ्यासमोर उभी होती, हातात कंप्युटर धरून, त्याचा डोळा माझ्याकडे, पदर पुन्हा खांद्यावर उतरवलेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तिचं डोकं पाहिलं. सरळ भांग, कानामागे खोचलेले केस, कानात छोटे मोती. भांगाजवळ दोनतीन पांढरे केस. इतक्या लवकर? मला वाटायचं ती अजून लग्न होऊन आलेलीच पोर आहे. तिचे कान मी पाहिले नव्हते! ज्या माणसाच्या हळदीच्या अंगठ्यावरून मला त्याच्या मनातलं पान कळायचं, त्याचे कान मला माहीत नव्हते. तिनं माझ्याकडे पाहिलं, खाली नाही, माझ्याकडे, आणि तिच्या डोळ्यांत भीती होती, पण ती माझी नव्हती.

“बाबूजी, नमस्ते,” डबी म्हणाली. “हाथ में क्या है?”

“अखबार,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. आणि मग लक्षात आलं की दोन हजार सातशे पुस्तकं झाकून मी स्वतः छापील कागद घेऊन दाराशी उभा आहे. मी घाईघाईनं घडी उलगडली, पहिलं पान दाखवलं, शेवटचं दाखवलं, मधली झटकून दाखवली. एक पुरवणी खाली पडली. ती उचलून तीही दाखवली. त्यात कापसाच्या बियाण्याची पानभर जाहिरात होती.

“बस, बस, बाबूजी.” ती पुन्हा हसली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, “हमारे यहाँ ससुरजी लाठी ठोकते हैं. दो बार.” मग परत आपल्या कामाच्या आवाजात, “चेतनाजी, बैठिए. पल्लू कंधे पर ही रहे. जितना समय गया, वो जोड़ रही हूँ. बाबूजी, आप आँगन में बैठिए. और खाँसना नहीं.”

मी मान हलवली. जायला वळलो, आणि पुन्हा वळलो. सुनेला मी नावानं कधी हाक मारली नव्हती. अंगणात पाहुणे असले की ‘घरमा सांगा’, नसले की ‘दखस का’. मी म्हणालो, “चेतना, बठ बेटा. आपला पेपर लिख.” एवढंच. ती “हव, आबा” म्हणाली आणि दार लागलं. मी अंगणात जाऊन लिंबाच्या आळ्याशी बसलो. शोभाबाई परसदारातून आली, माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, “काय व्हयनं?” मी म्हणालो, “काही नही. माले हासनी ती बाई.” आणि मला हसू फुटलं, कितीतरी वर्षांत आलं नव्हतं असं, पोट धरून, आवाज न करता, कारण आवाज करायचा नव्हता. शोभाबाईला काही कळलं नाही तरी तीही हसू लागली, तोंडात पदर कोंबून. आम्ही दोघं तिथे साडेबारापर्यंत, आणि वर जोडलेली मिनिटंही, रडल्यासारखे हसत बसलो होतो. फाटकापलीकडून रतिलालभाई चपला हातात धरून पाहत होते. त्यांना काय वाटलं असेल ते असो.

निकाल नवव्या दिवशी आला. शोभाबाईनं गल्लीत पेढे वाटले आणि रतिलालभाईंनी ते आपल्यामुळेच, आपण चपला काढल्यामुळेच, असं सगळ्यांना सांगितलं. त्या संध्याकाळी मी कोनाड्यात पाहिलं तर माझंच एक जुनं पुस्तक होतं, आणि त्यात एक चिठ्ठी. चेतनाचं अक्षर गोल आहे. तिनं लिहिलं होतं: ‘आबा, आर शून्य पाच म्हणजे खोकला. खाकरण्याला नंबर नाही. पूर्ण पुस्तक तीनदा शोधलं.’ खाली हळदीचा अंगठा. ती चिठ्ठी मी कुठे ठेवावी, कोणत्या आकड्याखाली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही; तूर्त ती माझ्या खिशात असते.

एक तारखेपासून ती कामाला लागली, माझ्याच खोलीत, दहा ते सहा. मी विचारलं होतं, साड्या राहू देऊ का. ती शोभाबाईला म्हणाली, आणि शोभाबाईनं मला सांगायच्या आत मीच ऐकलं, “नको. कोनी दखाले नको असं आते काही नही.” म्हणून आम्ही साड्या उतरवल्या. पुस्तकं पुन्हा उघडी झाली; उजेडात जरा बावरल्यासारखी, सुरकुतलेली, पाठीवरची अक्षरं उडालेली, माझ्यासारखीच.

काल बारा वाजले. मी वर्तमानपत्राची घडी केली, उठलो, बोळकांडीतून सात पावलं चाललो आणि दाराशी थांबलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कंप्युटरच्या कळा टकटक वाजत होत्या. माझा घसा तयार झाला. मी तो आवळून धरला. मग मात्र काय करायचं ते मला सुचेना. दार वाजवावं? स्वतःच्या खोलीचं? हाक मारावी? एकदा मारली होती, पण तेव्हा घाई होती. परत फिरावं, वर्तमानपत्र उद्या ठेवावं? मी तसाच उभा राहिलो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि मला ग्रंथपालाच्या परीक्षेतलं ते अर्धं राहिलेलं अक्षर आठवलं. आत टकटक थांबली. माझ्या स्लिपरचा आवाज दाराशी येऊन थांबलेला तिनं ऐकला असणार.

“या ना, आबा,” ती म्हणाली. “डोकं उघडंच शे मन्हं.”

मी दार ढकललं. ती पडद्याकडे पाहत होती, कोणाचं तरी दुखणं आपल्या जागी ठेवत. मी खिडकीपाशी गेलो, वर्तमानपत्र गठ्ठ्यावर ठेवलं, आणि ऐकत राहिलो.

खुर्ची सरकली नाही.